आभाळाची क्षमता किती? एका सोंगाड्याचं जिल्हाधिकाऱ्यांना खुलं पत्र

दि. १२ डिसेंबर २०२१

प्रति,
राज्यातले सर्व मा. जिल्हाधिकारी
तथा अध्यक्ष, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय : उघड्या मैदानावरच्या तमाशासाठी जागेची क्षमता ठरवून मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

अर्जाच्या वर 'महोदय' लिहायचं असतं म्हणून लिहिलं. आमच्या तोंडात 'सरदार' बसलेलं आहे. बतावणीत सरदार सरळ प्रश्न विचारतो, सोंगाड्या वाकडं उत्तर देतो आणि शेवटी पाठीत फटका खातो. ३३ वर्षं मी त्या फटका खायच्या जागेवर उभा आहे. आज प्रश्न मी विचारतोय, आणि तो अजिबात वाकडा नाही.

आभाळाची क्षमता किती?

शासनाचा २७ नोव्हेंबरचा कोरोनाच्या नियमांचा आदेश मी तीनदा वाचून घेतलाय. एकदा स्वतः, एकदा पोरीकडून, एकदा आमच्या मॅनेजरकडून, कारण तो हिशेबाचा माणूस आहे. त्यात लिहिलंय की सिनेमागृह, नाट्यगृह, मंगल कार्यालय अशा बंदिस्त जागेत क्षमतेच्या ५० टक्के माणसं चालतील, आणि आभाळाखालच्या मोकळ्या जागेत २५ टक्के. म्हणजे छताखाली अर्धी भाकरी आणि आभाळाखाली चतकोर. वर्तमानपत्रापासून गावच्या आरोग्यसेविकेपर्यंत सगळे दीड वर्ष कानीकपाळी ओरडतायत की हा विषाणू कोंदट जागेत जास्त पसरतो, खिडक्या उघड्या ठेवा. मग ज्याला खिडकीच काय, भिंतही नाही, त्याच्या वाट्याला चतकोर का, हे मला कळलं नाही. पण त्याबद्दल मी भांडत नाही. चतकोर तर चतकोर. अडचण पुढे आहे. चतकोर कशाची? नाट्यगृहाला खुर्च्या असतात, मोजल्या की झालं. सोयाबीन काढून मोकळ्या झालेल्या शेताची क्षमता किती?

त्याचंही उत्तर आदेशात आहे. ज्या जागेची क्षमता आधी ठरलेली नाही, तिची ती जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं ठरवायची. म्हणजे तुम्ही. म्हणून हे पत्र मुंबईला न जाता तुमच्याकडे आलंय.

हा प्रश्न घेऊन मी एका कचेरीत गेलो होतो. कुठल्या ते सांगत नाही, माणसं वाईट नव्हती. फॉर्मवर 'आसनक्षमता' असा रकाना होता. क्लार्क म्हणाले, "किती लिहू?" मी म्हटलं, "आसनं नाहीत, लोक जमिनीवर बसतात." ते म्हणाले, "मग शून्य लिहू का?" शून्याचे २५ टक्के किती होतात ते त्यांनाही येत होतं आणि मलाही. दोघंही हसलो. मग त्यांनी पोलीस ठाण्याकडे बोट दाखवलं, ठाण्यानं ग्रामपंचायतीकडे, आणि ग्रामसेवक म्हणाले, वरून लेखी आणा. वर म्हणजे किती वर, हे विचारायची सोय नसते. ह्यातून आमची एक बतावणी मात्र तयार झाली :

"का रं, आभाळाची क्षमता किती?"
"भरल्यावर कळंल की."
"मग आभाळ भरतं कधी?"
"भरतं तवा पाऊस पडतो, आन् तमाशा बंद."

थोडं मागचं सांगतो, लांबवत नाही. आमचा शेवटचा नेहमीसारखा खेळ १३ मार्च २०२० ला झाला, रंगपंचमीच्या रात्री. त्याच दिवशी राज्यात १८९७ चा साथरोग कायदा लागू झाला. आम्ही रंगात, लोक रंगात, आणि कुणाच्या तरी मोबाइलवर बातमी. पुढचा गुढीपाडवा २५ मार्चला, देशभराच्या टाळेबंदीचा पहिला दिवस. तमाशाच्या माणसाला पाडवा काय असतो हे सांगावं लागेल. नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावच्या यात्रा कमिट्या येतात, चैत्र-वैशाखाच्या सुपाऱ्या ठरतात, इसार हातावर पडतो. वर्षभर मालकानं आम्हाला दिलेली उचल त्यातूनच फिटते. त्या वर्षी राहुटीत बसून आम्ही एकमेकांची तोंडं बघितली. मग २०२१ चा चैत्र आला तो दुसरी लाट घेऊन. दोन चैत्र गेले. शेतकऱ्याचे दोन हंगाम गेले की पंचनामा होतो. आमच्या हंगामाला पंचनाम्याचा फॉर्म नाही.

आमचा ढोलकीवाला बाजार समितीत कांद्याच्या गोण्या उचलायला गेला. परवा दीड वर्षानं ढोलकी गळ्यात घातली. चाटीवर बोट टाकलं आणि थांबला. बोटांची टोकं जाड झाली होती, कातडं कातड्याला लागतच नव्हतं. बायको रोज रात्री त्याची बोटं कोमट तेलात बुडवून ठेवतेय. एवढंच सांगतो, बाकीच्यांचं सांगत बसलो तर हे पत्र मदतीचा अर्ज होईल. सरकारनं कलाकारांना पाच हजारांची मदत जाहीर केली, तिचा मान राखून सांगतो, मला खेळ हवाय.

मी स्वतः ह्या वर्षी एका मंगल कार्यालयाच्या गेटवर वॉचमन होतो. हातात तापमान बघायची बंदूक. कपाळाला लावायची, हिरवं दिसलं की आत सोडायचं. आत खिडक्या बंद, एसी चालू, पंगतीवर पंगत. जेवताना मास्क काढावाच लागतो, त्यात पाहुण्यांचा दोष नाही. वऱ्हाड माझ्याजवळून गेलं की मी मोजायचो, सवयच आहे. आकडा कुठे जायचा ते लिहीत नाही. तिथून दोन किलोमीटरवर आमचा स्टेजचा ट्रक विटांवर उभा होता, चाकं काढून ठेवलेली.

२१ ऑक्टोबरला देशात १०० कोटी डोस झाले. दुसऱ्या दिवशी, २२ ला, राज्यातली नाट्यगृहं उघडली. मला आनंद झाला, खोटं बोलत नाही. नाटकवाले आमचे भाऊबंद. पण थोरल्याचं लग्न ठरलं की धाकट्याच्या पोटात जे होतं ते झालं.

माझा भाचा पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. तो म्हणाला, "मामा, २०२० च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमधले कॉमेडी क्लब बंद होते, तर तिथल्या विनोदी नटांनी बागांत आणि गच्च्यांवर खेळ केले." त्याला वाटलं मी चकित होईन. मी म्हटलं, "बाळा, ते आत्ता बाहेर आले. आम्ही आत कधी गेलोच नव्हतो."

आता तुमच्या बाजूनं बोलतो. तुम्ही म्हणाल, बंद सभागृहाला दार असतं, दारावर माणूस थांबवता येतो. मैदानाला चारी बाजू मोकळ्या. हजाराची परवानगी दिली आणि सात हजार आले तर कोण अडवणार? खरं आहे. जत्रेतली गर्दी मी स्टेजवरून बघितलीय. लावणी सुरू झाली की मागची माणसं पुढे सरकतात, पुढची स्टेजला चिकटतात, शिट्ट्या, आरोळ्या, फेटे उडवणं. हसणारा आणि ओरडणारा माणूस गप्प बसलेल्यापेक्षा जास्त थुंकी उडवतो, हे सांगायला डॉक्टर नको. पहिल्या रांगेवर माझी स्वतःची किती उडते ते मला ठाऊक आहे.

आणि हा आजार आम्ही घरात बघितलाय. ह्या मे महिन्यात कांताबाई सातारकर कोरोनानं गेल्या. ज्यांच्याकडे बघून आमच्या पिढीनं स्टेजवर उभं राहायला शिकावं, अशी ती बाई. त्यामुळे 'काही होत नाही हो, सोडा' असं म्हणणारा सोंगाड्या मी नाही. ह्या महिन्याच्या चार तारखेला डोंबिवलीत ओमायक्रॉन सापडला, तेही वाचलंय. उद्या तुम्ही सगळंच बंद म्हणालात तर ट्रक पुन्हा विटांवर चढवू. पण बंद नाही म्हणायचं आणि चालू कसं करायचं तेही सांगायचं नाही, हा जो मधला प्रकार आहे, त्यात माणूस कुजतो.

तर मोजणीचं. तमाशावाल्याला गर्दी मोजता येत नाही, असं ज्याला वाटतं त्यानं तंबूच्या तमाशाचं गेट बघितलेलं नाही. सुपारीच्या खेळाला कमिटी पैसे देते, तिथे कोण आलं कोण गेलं ह्याचा हिशेब नसतो. पण तिकिटाच्या खेळाला आम्ही कनात ओढतो. गेटवर दोन माणसं, तिकीट फाडणारा एक आणि फाडणाऱ्यावर लक्ष ठेवणारा एक. एका डोक्यामागे पैसा असतो, त्यामुळे एक डोकं फुकट सुटत नाही. सरकारला दीड वर्षात जी शिरगणती जमली नाही, ती आमचा गेटकीपर रोज रात्री करत होता. फक्त कनातीखालून घुसणारी पोरं त्याच्या हिशेबात येत नाहीत. मीही तसाच घुसलो होतो, नऊ वर्षांचा असताना, आणि मग बाहेर पडलोच नाही.

मोजायचं कसं, ते आम्ही करून बघितलं. दिवाळी झाल्यावर माझ्या मेव्हण्याच्या शेतात. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं होतं. एक गुंठा आखला. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, सातबारावर जगणाऱ्या माणसाला हे सांगायला लागत नाही. सहा-सहा फुटांवर फक्कीचे गोल मारले, कबड्डीचं मैदान आखतात ती फक्की. आडव्या पाच, उभ्या सहा, तीस गोल झाले. वस्तीवरची २८ माणसं आली. प्रत्येकाला एक गोल दिला. दोन गोल उरले, त्यातल्या एकात कुत्रं येऊन बसलं आणि शेवटपर्यंत उठलं नाही. इतका शिस्तीचा प्रेक्षक मला ३३ वर्षांत मिळाला नव्हता.

आणि मग मी बतावणी सुरू केली आणि तोंडावर आपटलो.

साहेब, मॅडम, हे तुम्हाला कामाचं नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. जत्रेत माणसं मांडीला मांडी लावून बसतात. मी वाक्य टाकलं की पुढच्या चौघांना समजतं, त्यांच्या अंगाला हिसका बसतो, तो हिसका मागच्याच्या गुडघ्याला लागतो, आणि ज्याला वाक्य ऐकूच गेलं नाही तोही हसायला लागतो. माणूस कानानं कमी आणि शेजाऱ्याच्या अंगानं जास्त हसतो. सहा फुटांवर बसवलं की प्रत्येक जण एकटा. तो आधी डावीकडे बघतो, मग उजवीकडे, शेजारी हसतोय का ते तपासतो, आणि शेजारीही तेच करत असतो. तोवर मी पुढच्या वाक्यावर गेलेलो. त्यात तोंडावर मास्क. ३३ वर्षं मी दात बघून अंदाज घेत आलो, आता नुसते डोळे. डोळे हसतायत की उन्हानं बारीक झालेत, कळेना. माझ्या हुकमी वाक्याला, ज्यानं जालन्यापासून कवठ्यापर्यंत कधी दगा दिलेला नाही, त्याला शांतता. फक्त मेव्हणा हसला, तोही लाजेखातर.

दुसऱ्या दिवशी पुन्हा केलं. ह्या वेळी चाल बदलली. वाक्य टाकायचं आणि थांबायचं. सरदारानं माझ्याकडे बघायचं, मी ढोलकीवाल्याकडे, ढोलकीवाल्यानं एक थाप द्यायची. त्या थापेवर लोकांना परवानगी मिळाल्यासारखी झाली, सगळे एकदम हसले. पुढे एक म्हातारी बसली होती, तिनं मास्क हनुवटीवर ओढला. पोरीनं दटावलं तर म्हणाली, "अगं, हसायला तोंड लागतंय." मी स्टेजवरून हात जोडले, "आजी, पोटानं हसा, पोटाला मास्क नाही." तिनं मास्क वर घेतला आणि पोट धरून हसली. चार दिवस असंच केलं. चौथ्या दिवशी आमचा खेळ सहा फुटांवर चालायला लागला. पूर्वीइतका नाही. रुपयातले दहा-बारा आणे.

आता आकडा. मांडीला मांडी लावून बसलं तर गुंठ्यात दोनशे माणूस सहज बसतं. हा माझा अंदाज आहे, पण ३३ वर्षांचा आहे. तुमच्या आदेशाप्रमाणे दोनशेचे २५ टक्के म्हणजे ५०. आम्ही सहा फुटांनी आखलं तर तीसच बसतात. म्हणजे तुमच्या चतकोरातलीही सगळी आम्ही मागत नाही. आमची मागणी आहे गुंठ्याला तीस माणसं. जागा किती गुंठे ते तलाठ्यानं सांगावं, स्टेज, ट्रक, रंगपट आणि वाटा वजा कराव्यात, उरलेल्याला तीसनं गुणावं आणि तो आकडा परवानगीवर लिहावा. ३३ गुंठ्यांत ९९० माणसं होतात. हजाराच्या वर गेलं की प्राधिकरणाला कळवायचं आणि तुम्ही निरीक्षक पाठवू शकता, असं आदेशात आहे. आम्ही हजाराच्या आतच राहू. निरीक्षक तरीही पाठवा, त्याला गोल राखून ठेवू. पहिल्या रांगेत नको, तिथे माझी थुंकी येते.

तिकीट ७० रुपये धरलं तर ९९० जणांचे ६९,३०० होतात. डिझेल, जनरेटर, ४२ माणसांचं जेवण आणि मालकाच्या कर्जाचं व्याज जाऊन हातात फार काही राहत नाही. म्हणून संध्याकाळी दोन छोटे खेळ करू, पहिला पाचला, दुसरा साडेसातला, मध्ये मैदान रिकामं. रात्री दहाला भोंगा बंद करायचा असतोच. 'गण अकराला आणि वग पहाटेला', म्हणजे सुरुवातीची गणेशवंदना रात्री आणि शेवटचं नाट्य पहाटे, हे दिवस तसेही सरलेत.

पण माझं ऐकाल तर सुरुवात रात्रीपासून करूच नका. हजेरीपासून करा. तुमच्यापैकी जे बाहेरच्या राज्यातून आलेत त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फडाला गावात हजेरी द्यावी लागते. देवळापुढे किंवा पिंपळाखाली, भर उन्हात, ना लाइट ना पडदा. रात्रीचा मेकअप अर्धा उतरलेला असतो. म्हाताऱ्याकोताऱ्या, बाया, शाळकरी पोरं, ज्यांना रात्री येता येत नाही ते सगळे येतात. दीड-दोन तासांत आटोपतं, मग लोक कुस्त्यांच्या फडाकडे जातात. हजेरीत दारू पिऊन कुणी येत नाही, स्टेजला कुणी चिकटत नाही, लोक सावली बघून आपले आपण लांब लांब बसतात. महामारीसाठी खेळ कसा असावा हे ठरवायला कमिटी नेमली असती तर तिनं शेवटी हजेरीच शोधून काढली असती. ती आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या आहे. पौषात पालीला खंडोबाचं लग्न लागेल, माघापासून गावोगावच्या जत्रा सुरू होतील. एका तालुक्यात दहा हजेऱ्या करू द्या. पुढचे १४ दिवस आरोग्य खात्यानं त्या गावांवर लक्ष ठेवावं. आकडे वाढले तर तुम्ही बंद म्हणायच्या आधी मीच म्हणेन.

धोका खरा कुठे आहे, तेही सांगतो, कारण ते कुठल्याच आदेशात नाही. तो मैदानात कमी आहे आणि आमच्या ट्रकमध्ये जास्त. खेळ संपला की ४२ माणसं सामानावर, एकमेकांच्या अंगावर झोपून पुढच्या गावाला जातात, वरून ताडपत्री. रंगपटात एक आरसा, एक पावडरचा डबा आणि एक पफ, तो माझ्या तोंडावरून उठला की मावशीच्या तोंडावर. एका ताटात चौघं. एकाला झालं की सगळ्यांना होणार, आणि मग आम्ही ते गावोगाव नेणार. मैदानावर कितीही फक्की मारली तरी हे सुटत नाही. त्यासाठी आम्ही ठरवलंय की दोन मुक्कामांमध्ये किमान एक दिवस सोडायचा, ताडपत्रीऐवजी मागची बाजू उघडी ठेवायची, बायकांसाठी वेगळी गाडी करायची, आणि रंग ज्याचा त्यानं आपापला आणायचा. पफसुद्धा. मावशीचं काम करणारा आमचा गडी ह्यावर रुसलाय, कारण माझा पफ चांगला होता. ४२ पैकी ३९ जणांचे दोन्ही डोस झालेत. तिघांचा दुसरा राहिलाय, त्यांना दुसरा डोस होऊन १४ दिवस जाईपर्यंत स्टेजवर घेणार नाही, तुमच्या आदेशात तसंच आहे.

दौलतजादा बंद. हातातून हातात नोट देणं आणि त्यासाठी स्टेजला चिकटणं, दोन्ही गेलं. काही मंडळी नाराज होतील. त्यांची नाराजी मला फारशी सलत नाही, आमच्या बायांना तर नाहीच नाही. स्टेजपुढे १५ फूट मोकळे. कनात तीनच बाजूंनी, आणि खालून दोन हात उचलून बांधलेली, वारा खेळता राहावा म्हणून. पोरं घुसतील. घुसू द्या, त्यांच्यासाठी चार गोल जास्तीचे मारू.

एका गोष्टीत मात्र तुमची मदत लागेल. आदेशात लिहिलंय की रुमाल म्हणजे मास्क नव्हे, आणि ५०० रुपये दंड. नियम बरोबर असेल. पण आमचा प्रेक्षक म्हणजे खांद्यावर टॉवेल टाकलेला शेतकरी. तो टॉवेलानं घाम पुसतो, भाकरी बांधतो, उन्हात डोक्याला गुंडाळतो, आणि मार्च २०२० पासून तोंडालाही लावतो. त्याला गेटवर ५०० चा दंड केलात तर तो ७० रुपयांचं तिकीट काढणार नाही, आणि उद्या विनोदही ऐकणार नाही. तुमच्या आरोग्य केंद्रातून मास्कची पेटी द्या, आम्ही तिकिटाबरोबर एक मास्क देऊ. शक्य असेल तर गेटजवळ लसीचं टेबल लावा. ज्याचा डोस राहिलाय त्याला आत सोडता येणार नाही हे मी स्टेजवरच्या भाषेत समजावतो, मला लोक ऐकतात. गावात लस घ्यायला कुरकुर करणाऱ्यांना तमाशा बघायची किती हौस असते ते तुम्हाला कळेल.

अजून एक बारीक शंका. एका घरची माणसं एका गोलात बसली तर चालतील का? घरात ती एकाच ताटात जेवतात. आमच्या मॅनेजरचं म्हणणं, विचारू नकोस, विचारलं की नाही म्हणतील. मी विचारतोय.

परवानगी एका खिडकीवर मिळावी. आमच्या वगाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळ आधीच तपासून देतं, म्हणजे आम्ही काय बोलायचं ते सरकारनं मोजून दिलेलं आहे. किती जणांपुढे बोलायचं, तेवढंच मोजायचं राहिलंय. अर्ज दिल्यापासून सात दिवसांत हो किंवा नाही सांगा. 'नाही' सुद्धा चालेल, पण लेखी. यात्रा कमिट्या माघात बैठका घेतात. त्यांच्यापुढे कागद असला तर ते इसार देतात, कागद नसला तर 'बघू पुढच्या साली' म्हणतात. पालखी काढतात, नैवेद्य दाखवतात आणि तमाशा तेवढा रद्द करतात, कारण तो रद्द केला की जबाबदारीनं वागल्यासारखं दिसतं. कमिटीतल्या माणसांना हे वाचून राग आला तर येऊ द्या. त्यांच्याच घरच्या मांडवात मी ह्या वर्षी गेटवर उभा होतो.

मेव्हण्याचं रान अजून मोकळं आहे. गहू पेरायचा होता, मी थांबवलाय, आणि बहीण माझ्याशी बोलत नाही. गोल पुसट झालेत, पण फक्कीचं एक पोतं शिल्लक आहे, ट्रकच्या केबिनमध्ये ठेवलंय. मोजायला कुणाला पाठवताय आणि कधी, तेवढं कळवा. सकाळी आलात तर बरं, ऊन चढायच्या आत हजेरी दाखवतो.

आपला,
एक सोंगाड्या